चंद्रभूमीची प्रमाणबद्ध प्रतिकृती
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले भाषण)



२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्यामुळे मुलांच्या मनात जागे झालेले कुतूहल आपण वाया जाऊ देता कामा नये. चंद्रभूमीची प्रतिकृती हे त्याचे उत्तम साधन होय. मात्र पुस्तकातील वाक्य मूल विसरते. स्वतःच्या हातांनी घडविलेला डोंगर ते विसरत नाही. म्हणून तो डोंगर खरा असला पाहिजे.

येथे चूक होणे किती सोपे आहे, याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. जेम्स नॅस्मिथ हे ब्रिटनमधील नामांकित यंत्रशास्त्रज्ञ. त्यांनी दुर्बिणीतून चंद्राची रेखाचित्रे काढली, त्यांवरून प्लॅस्टरच्या प्रतिकृती घडविल्या आणि त्या उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे घेतली. जेम्स कार्पेंटर यांच्यासह त्यांनी १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती आहेत. चित्रे अतिशय सुंदर. पण त्यांतील डोंगर वास्तवापेक्षा फारच उभे व टोकदार. १९७१ साली अपोलो १५ चे यात्री चंद्रावरील पर्वतांच्या पायथ्याशी उतरले, तेव्हा छायाचित्रांत गोलसर माथ्यांचे, मऊ उतारांचे पर्वत दिसले. चंद्रावर वारा-पाऊस नाही हे खरे. परंतु कोट्यवधी वर्षे पडणाऱ्या लहानमोठ्या उल्कांनी तेथील कंगोरे झिजविले आहेत. तिरप्या उन्हातील लांब सावल्या पाहून डोंगर उंच वाटतात, इतकेच.

यावर उपाय एकच : आधी गणित, मग माती. कोपर्निकस हे प्रसिद्ध विवर घ्या. त्याचा व्यास सुमारे ९३ किलोमीटर, खोली सुमारे ३.८ किलोमीटर. १ सेंटिमीटरास २ किलोमीटर हे प्रमाण धरल्यास व्यास ४६.५ सेंटिमीटर येतो आणि खोली अवघी १.९ सेंटिमीटर! म्हणजे विवर हे विहिरीसारखे नसून उथळ परातीसारखे आहे. हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही आघातानेच झालेले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. याच प्रमाणात ते ९ मिलिमीटरांचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे होईल. चंद्रावरील विवराचा विस्तार मुलांना तेव्हाच उमगेल.

आता कृती. पाऊण मीटर लांबीरुंदीच्या फळीवर शाडूचा ३ सेंटिमीटर जाड थर द्यावा; तडे जाऊ नयेत म्हणून त्यात कागदाचा लगदा मिसळावा. खिळा व दोरा यांनी वर्तुळ आखून आतील माती सुमारे दीड सेंटिमीटर खोल काढावी. त्याच मातीतून सुमारे अर्धा सेंटिमीटर उंचीचा काठ करावा. विवराचा काठही आघाताने उसळलेल्या द्रव्याचाच असतो. काठाची आतील बाजू पायऱ्यांसारखी, बाहेरील बाजू हळूहळू उतरती ठेवावी. मध्यभागी अर्ध्या सेंटिमीटरच्या दोनतीन टेकड्या कराव्यात. माती ओली असतानाच चाळलेली राख पसरून वरून बारीक खडे टाकावेत व मग उचलून घ्यावेत, म्हणजे लहान विवरे उमटतात. प्रतिकृती सावलीत वाळवावी. तिला पांढरा रंग देऊ नये. चंद्रभूमी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच परत पाठविते. ती जुन्या डांबरी रस्त्यासारखी काळसर आहे. राखेत कोळशाची पूड मिसळल्यास तो रंग साधतो.

आपणांपैकी काही जण म्हणतील, "अशी सपाट फळी प्रदर्शनात कोण पाहणार?" शंका रास्त आहे, आणि उंची दुप्पट-चौपट करण्याचा मोह येथेच होतो. त्याऐवजी खोलीत अंधार करावा आणि मीटरभर अंतरावरून, १० सेंटिमीटर उंचीवर एकच विजेरी धरावी. अर्ध्या सेंटिमीटरच्या टेकडीची सावली सुमारे ५ सेंटिमीटर पडेल आणि सपाट वाटणारी फळी क्षणात पर्वतमय होईल. मग विजेरी हळूहळू वर न्यावी. पर्वत विरघळून जातील. नॅस्मिथ यांच्यासारखा कुशल निरीक्षक कशाने फसला, हे तेव्हा चौथीतील मूलही सांगू शकेल.

काही कारणाने उंची वाढवावीच लागली, तर किती पट वाढविली, हे प्रतिकृतीवर स्पष्ट लिहावे. बक्षीस एका दिवसाचे असते. दिसते त्याचे मोजमाप करून पाहण्याची सवय मात्र मुलाला जन्मभर पुरते, आणि ती लावणे आपल्या हाती आहे.