डोंगरउतारावरची धायटी

पहूरहून अजिंठ्याकडे निघालं, की फर्दापूरच्या अलीकडून डोंगर दिसू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या खडकाळ उतारावर माणसाच्या उंचीची, लाल फुलांनी डवरलेली झुडपं भेटतात. ती बहुधा धायटी, म्हणजे संस्कृतातली धातकी.

ओळखायची कशी? फांद्या लांब, बाहेरच्या बाजूला झुकलेल्या. पानं समोरासमोर, भाल्याच्या आकाराची. पान उलटं करा: खालची बाजू पांढुरकी आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके. ही खूण सहसा फसवत नाही. आता फूल हातात घ्या. जी लाल नळी दिसते, त्या पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज. पाकळ्या इतक्या चिमुकल्या, की शोधाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. फूल सुकलं तरी नळी गळत नाही, तिच्या आतच बोंड धरतं.

बागेतल्या हमेलियालाही लालसर नळीदार फुलं येतात. पण तो अमेरिकेतून आलेला, आणि त्याची पानं बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात. आपली धायटी अस्सल इथली, मेंदीच्या कुळातली.

आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात. रानात मात्र मधासाठी शिंजीर त्यांच्यावर तुटून पडतात. तेव्हा फुलं बघा, फोटो काढा. फांद्या मात्र ओरबाडू नका.