आधी मूठ, मग स्विंग

गोल्फचा स्विंग सुरू होतो तो मुठीत. चेंडू अजून टीवर असतो, क्लब हललेलाही नसतो आणि फटक्याचे निम्मे भवितव्य ठरून गेलेले असते. तरीही नवशिका रेंजवर येतो, चेंडूंची बादली ओततो आणि थेट ड्रायव्हर फिरवू लागतो. शिकवणाऱ्याने मुठीचा विषय काढला की त्याची चुळबूळ सुरू होते. मूठ काय, कोणालाही धरता येते, असा त्याचा समज. तो साफ चुकीचा आहे.

क्लबची आणि खेळाडूची गाठ पडते ती फक्त मुठीत. चेंडूचे वजन ४६ ग्रॅमपेक्षाही कमी आणि क्लबशी त्याची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या वेळात क्लबफेस, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, जिकडे बघत असेल बहुतांशी तिकडेच चेंडू निघतो. ती बाजू मनगटांच्या तंत्राने चालते आणि मनगटे मुठीच्या.

उजव्या खेळाडूचा डावा हात वर असतो. दांडा तळव्यात धरायचा नाही, बोटांत धरायचा. तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाकडे तिरका. तळव्याची गादी वरून टेकते. मान खाली घातली की डाव्या मुठीवरचे दोन, फार तर अडीच उंचवटे दिसावेत आणि अंगठा-तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. उजवा हात त्याखाली येतो आणि त्याची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी व मधल्या बोटामधल्या खाचेवर बसते. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डन यांनी रूढ केलेली ही पकड. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांनी करंगळी व तर्जनी एकमेकींत अडकवण्याची पकड वापरली. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही; दोन्ही हात एकजीव झाले म्हणजे झाले.

आता किती घट्ट धरायचे? जात्यावर दळणारी बाई खुंटा धरते तितके. तिच्या मुठीत खुंटा असतो, पण आवळलेला नसतो. दळण दंडाच्या जोरावर होत नाही, कमरेच्या झोक्यावर होते. नवखी पोर खुंटा आवळते. मग जाते हिसके देते, तळहाताला फोड येतात आणि पीठ पडते भरड. दोघी समोरासमोर बसल्या तर एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात आणि एकीने ओढ वाढवली की दुसरीचा ताल जातो. क्लबवरही उजवा हात जोर दाखवू लागला की डावा नुसता नावाला उरतो. फरक एवढाच, की खुंटा मुठीतल्या मुठीत फिरतो, क्लब मात्र फिरता कामा नये. म्हणून डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्याच्या मधल्या दोनांत पकड हवी, बाकीची बोटे सैल. सुरुवातीला जेवढा दाब, तेवढाच शेवटपर्यंत. क्लब वर गेल्यावर मूठ उघडायची आणि खाली येताना पुन्हा आवळायची, ही खोड सर्वांत वाईट, कारण त्या आवळण्यातच क्लबफेस वळतो.

डावा हात दांड्यावर फार डावीकडे वळलेला असला की क्लबफेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. हाच स्लाइस. खेळाडू मग उपाय म्हणून क्लब अधिकच डावीकडे ओढतो, त्याने चेंडूची फिरकी वाढते आणि वळणही वाढते. दोष मुठीत आणि औषध खांद्याला! बेन होगन यांना उलटा आजार होता, डावीकडे वळणाऱ्या हुकचा. तो त्यांनी डाव्या हाताची पकड बदलून आटोक्यात आणला. त्यांच्या १९५७ सालच्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकातला पहिला धडा मुठीचाच आहे, हे नवशिक्यांनी ध्यानात घ्यावे.

मूठ बसली की पुढचे क्रमाने येते. बॅकस्विंगमध्ये खांदे सुमारे ९० अंश वळतात, कंबर त्याच्या निम्मी. खाली येताना आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग खांदे, आणि हात शेवटी. बहुतेकांचे हात आधी सुटतात. मूठ आवळलेली असली की ते सुटणारच. आयर्नने आधी चेंडू आणि मग गवत लागावे. ड्रायव्हरचे गणित निराळे, तिथे चेंडू टीवर उंच असतो. पण ते चार वाक्यांत मावणारे नाही.

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया नुसते बघून शिकला आणि २०१६ व २०१७ ची इंडियन ओपन जिंकला, हा दाखला शिकवणीची गरज नाही असे म्हणणारे हमखास देतात. दाखला खरा आहे. मात्र त्याचे बालपणच मैदानावर गेले. ज्याला आठवड्यातली एक सकाळ मिळते, त्याने घरी रोज थोडा वेळ चेंडूविना क्लब धरावा, सोडावा, पुन्हा धरावा. आणि हातमोजा तपासावा. तळव्याच्या गादीपाशी तो झिजून भोक पडले असेल, तर दांडा मुठीत सरकतो आहे. नवा मोजा घेण्याआधी पकड दुरुस्त करावी.