तोट्याचा आकडा आधी ठरवा

सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर शेअर घ्यायचा आणि साडेतीनच्या आत विकून मोकळं व्हायचं, याला इंट्राडे म्हणतात. डीमॅट खातं आता फोनवर घरबसल्या उघडता येतं, त्यामुळे नुकतीच नोकरीला लागलेली मुलं मोठ्या संख्येने यात उतरली आहेत. आज मला त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं आहे.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२२-२३ या वर्षात शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांमागे सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. सौदे वाढवले की हात बसतो, ही समजूत किती महागात पडते, ते यावरून कळेल. शिवाय प्रत्येक सौद्यावर दलाली आणि कर लागतात, नफा होवो वा तोटा.

म्हणून नव्या माणसाने पहिला प्रश्न विचारावा तो असा: या सौद्यात माझे जास्तीत जास्त किती रुपये जाऊ द्यायचे? समजा, खात्यात ५०,००० आहेत. त्यातला एक टक्का, म्हणजे ५०० रुपये, ही तुमची मर्यादा. शेअर ४०० रुपयांना घेणार आणि ३९५ला स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विक्रीची सूचना, लावणार, तर एका शेअरमागे पाच रुपयांची जोखीम. पाचशे भागिले पाच, म्हणजे शंभरच शेअर घ्यायचे. स्टॉपलॉस ३९०ला असेल, तर पन्नास. बहुतेक जण उलटं करतात. आधी जमतील तेवढे शेअर घेतात आणि मग देवावर भरवसा ठेवतात.

ब्रोकर इंट्राडेला भांडवलाच्या पाचपटीपर्यंत शेअर घेऊ देतो. ५०,०००वर अडीच लाखांचा माल. शेअर दोनच टक्के घसरला, तरी पाच हजार गेले, भांडवलाचा दहावा हिस्सा. आणि भांडवल निम्मं झालं, की पूर्वपदावर यायला उरलेल्याचे दुप्पट करावे लागतात.

स्टॉपलॉस लावला म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स चार हजारांहून जास्त अंशांनी कोसळला. अशा पडझडीत ठरवलेल्या भावाला गिऱ्हाईक मिळेलच याची खात्री नसते. मोठ्या बातमीच्या दिवशी नवख्याने बाजूला बसलेलं बरं.

पण माझ्या मते सगळ्यात धोक्याचा असतो तो तोट्यानंतरचा सौदा. गेलेले पैसे आजच काढायचे, म्हणून माणूस दुप्पट शेअर घेतो. किंवा भाव पडतोय म्हणून आणखी शेअर घेऊन खाली ॲव्हरेज करत जातो. तीन वाजले तरी तोटा सोसवत नाही, मग तोच शेअर न विकता डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात, घेऊन टाकतो आणि त्याला गुंतवणूक म्हणू लागतो. सकाळी जो शेअर तासाभरासाठी घेतला होता, तो वर्षभर सांभाळण्याजोगा आहे का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. दिवसाचीही मर्यादा ठरवा. दोन स्टॉपलॉस लागले, की त्या दिवसापुरतं ॲप बंद. काही ब्रोकरांच्या ॲपमध्ये स्वतःचे व्यवहार ठरावीक वेळ थांबवून ठेवण्याची सोय असते, ती वापरा.

कर्जाचे, फीचे, बहिणीच्या लग्नाचे पैसे इथे आणू नका. आणि झालेला तोटा लपवू नका. लपवलेला तोटा भरून काढण्यासाठी मुलं ॲपवरून कर्ज काढतात, आणि पाचशेत मिटणारी गोष्ट लाखांवर जाते. आईवडिलांनो, मुलाने आकडा सांगितला, तर आधी पूर्ण ऐकून घ्या, रागवायचं ते नंतर. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. तिथे मराठीतूनही बोलता येतं.