ठशांचा सामायिक खर्च



विषयाची पाटी लागल्यावर काहींनी संयोजकांना विचारलं म्हणे, की हे व्याख्यान गुन्हेगारीवर आहे की हिशेबावर? हिशेबावर आहे. गुन्हेगार मधूनमधून येतील, पण पाहुणे म्हणून.

पुण्याच्या मिळकतकराचं बिल डोळ्यांसमोर आणा. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर. आग विझवायचे पैसे आपण महापालिकेला देतो. चोर पकडायचे पैसे मात्र त्या बिलात नसतात, कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीनं पोलीस हा विषय राज्याकडे दिला आहे. त्यामुळे आळंदीच्या पोलिसांचा खर्च किती आणि चाकणच्या किती, असा वाद नगरपरिषदेत होत नाही. अमेरिकेत नेमका तोच होतो. तिथे पोलीस बहुतेक ठिकाणी गावाचे. गावाचा स्वतंत्र पोलीसप्रमुख, स्वतंत्र गाड्या, स्वतंत्र अंदाजपत्रक. आणि शेजारी शेजारी वसलेल्या अशा तीस-चाळीस गावांना एकच महागडं यंत्र लागलं, की कोणी किती द्यायचे हा प्रश्न उभा राहतो.

यंत्र कोणतं, तर बोटांचे ठसे शोधणारं. ठशांची शास्त्रीय वर्गवारी आपल्याच देशात रुजली. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं. एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावानं जी पद्धत जगभर गेली, तिचं बरंचसं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या दोन भारतीय सहकाऱ्यांनी मांडलं होतं. दहाही बोटांचे शंख-चक्र पाहून कार्डाला एक सूत्र द्यायचं आणि त्या सूत्राच्या कप्प्यात ते ठेवायचं. आरोपी पुढ्यात असेल, त्याची दहा बोटं हाताशी असतील, तर जुनं कार्ड सापडायचं. पण खिडकीच्या काचेवर एकाच बोटाचा अर्धामुर्धा ठसा मिळाला, ज्याला आपले पोलीस ‘चान्स प्रिंट’ म्हणतात, तर कपाटं नुसती बघत बसायची. दहा बोटांशिवाय सूत्र मांडता येत नाही आणि सूत्राशिवाय कप्पा सापडत नाही.

संगणकानं हे बदललं. ठशातली रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, त्या बिंदूंची जागा आणि दिशा तो टिपतो आणि साठ्यातल्या लाखो ठशांशी ताडून पाहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८२ साली या यंत्राच्या बाजूनं कौल दिला आणि १९८४ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीचं यंत्र तिथे चालू झालं. १९७८ मधल्या एका खुनाच्या जागी मिळालेला ठसा तिथला तपास अधिकारी वर्षानुवर्षं हातानं शोधत होता. यंत्रात घातल्यावर काही मिनिटांत माणूस सापडला. या यशात एक गोष्ट मात्र सहज विसरली जाते. सॅन फ्रान्सिस्को हे शहर आणि काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा घटक, एकच आहे. त्यामुळे तिथे वाटणीचा प्रश्नच आला नाही. एकच तिजोरी, एकच कपाट.

पुढच्या वर्षी, १९८५ च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिस परिसरात रात्री घरात शिरून खून करणाऱ्या रिचर्ड रामिरेझचा माग लागला. चोरीच्या टोयोटा गाडीत मिळालेला ठसा राज्याच्या सॅक्रामेंटोतल्या नव्याकोऱ्या यंत्रातून फिरवला आणि नाव बाहेर आलं. त्यानंतर प्रत्येक पोलीसप्रमुखाला यंत्र हवंसं झालं. किंमत ऐकून प्रत्येक नगरसभेनं शेजाऱ्याकडे पाहिलं.

ज्यांनी शेजाऱ्याकडे न पाहता खरेदी केली, त्यांची वेगळीच फजिती झाली. एका गावाकडे एनईसीचं यंत्र, पलीकडच्या गावाकडे प्रिंट्रॅकचं, तिसऱ्याकडे फ्रेंच मॉर्फोचं. प्रत्येक कंपनीची बिंदू टिपायची रीत निराळी. एका यंत्रानं बनवलेली नोंद दुसऱ्याला वाचता येईना. चोर सीमा ओलांडून पाच मिनिटांत पलीकडे जाई, पण त्याचा ठसा जात नसे. याच कंटाळ्यातून १९८९ साली पश्चिमेकडच्या काही राज्यांनी ‘वेस्टर्न आयडेंटिफिकेशन नेटवर्क’ नावाची ना-नफा संस्था काढली आणि यंत्र सामायिक केलं. अलास्का आणि वायोमिंगसारखी विरळ वस्तीची राज्यं त्यात आहेत. एकट्यानं घ्यायला त्यांना परवडलंच नसतं.

आता वाटणीकडे येतो.

तुमच्यापैकी निम्मे लोक हौसिंग सोसायटीचे सभासद असतील, तेव्हा उपविधींचाच दाखला देतो. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणात. आणि लिफ्टचा खर्च सगळ्यांवर सारखा, तळमजल्यावरच्यावरसुद्धा. यावरून सर्वसाधारण सभेत किती वेळा आवाज चढतात हे तुम्हाला माहीत आहे. ‘मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही’ हे तळमजल्याचं म्हणणं खोटं नसतं. पण उपविधी करणाऱ्यांना एक कळलं होतं: काही गोष्टी वापरावर मोजायच्या असतात आणि काही मोजायच्या नसतात.

ठशांचं यंत्र यातल्या कोणत्या वर्गात बसतं? वॉशिंग्टन राज्यातली किंग काउंटी घ्या. सिअ‍ॅटल हे तिथलं मोठं शहर. एकूण ३९ शहरं आणि गावं. काहींचे स्वतःचे पोलीस, काही काउंटीच्या शेरीफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडून, करारानं सेवा घेतात. त्यातली दोन गावं जरा जवळून पाहू. मेदिना हे सरोवराकाठचं गाव, वस्ती जेमतेम तीन हजार, बिल गेट्स यांचं घर तिथलं. टक्विला हे दुसरं, वीसेक हजार वस्तीचं. पण तिथे सगळ्या परिसरातलं एक अवाढव्य खरेदी संकुल आहे. दिवसा गावात मुक्कामाच्या लोकांपेक्षा बाहेरचेच जास्त. त्यांतले काही पैसे न देता माल घेऊन जातात. पकडलेला आरोपी टक्विलाचा नसतो, लुटलेलं गिऱ्हाईक टक्विलाचं नसतं, पण गुन्हा टक्विलात दाखल होतो.

लोकसंख्येवर वाटणी केली तर टक्विलाचं भाग्य उजळलं. अटकांच्या संख्येवर केली तर साऱ्या परिसराच्या खरेदीचा दंड त्या बिचाऱ्या गावानं भरायचा. शोधांच्या संख्येवर, म्हणजे यंत्राला जितके प्रश्न विचाराल तितके पैसे, अशी केली तर? कागदावर हीच सर्वात न्याय्य वाटते. माझ्या मते हीच सर्वात वाईट.

का ते सांगतो. एखाद्या लहान गावात सायकल चोरीला गेली, गॅरेजच्या काचेवर ठसा मिळाला. शोधाला अमुक डॉलर पडणार म्हटल्यावर तिथला प्रमुख विचार करतो, सायकलीसाठी कशाला? ठसा पाकिटात, पाकीट फायलीत, फाईल कपाटात. पण सायकल चोरणारा तोच माणूस महिन्याभरानं शेजारच्या शहरात घर फोडतो. सायकलीचा ठसा तेव्हाच शोधला असता तर त्याचं नाव आधीच कळलं असतं. या धंद्यात ठसा घेणारा एक, तो शोधणारा दुसरा आणि फायदा तिसऱ्याला. मेदिनानं यंत्राला वर्षभर काही विचारलं नाही, तरी मेदिनात घरफोडी करणाऱ्याचं नाव सापडणार ते सिअ‍ॅटलच्या तुरुंगात घेतलेल्या ठशांमुळेच. साठा जितका मोठा तितका सगळ्यांचा लाभ, आणि साठ्यात भर घालणाऱ्यालाच बिल लावलं की तो भर घालायचं थांबवतो.

किंग काउंटीनं हा गुंता एका बाजूनं सोडवला. शहरांना बिलंच पाठवली नाहीत. १९८६ मध्ये मतदारांसमोर प्रस्ताव ठेवला आणि साऱ्या काउंटीभर मालमत्ता करावर एक छोटा अधिभार लावला. तो ठरावीक वर्षांसाठी असतो, मुदत संपत आली की पुन्हा मतदारांकडे जावं लागतं. २०१९ ते २०२४ या सहा वर्षांच्या मुदतीत सुरुवातीचा दर होता हजार डॉलर मूल्यामागे साडेतीन सेंट. म्हणजे पाच लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला साडेसतरा डॉलर. २०२४ च्या एप्रिलमध्ये मतदारांनी तो पुन्हा चालू ठेवला. मेदिनातला धनिक भरपूर देतो आणि त्याला ते जाणवतही नाही. टक्विलातलं ते खरेदी संकुलही आपल्या मूल्याप्रमाणे देतं. कोणत्याही गावाच्या पोलीसप्रमुखाला शोध घेताना खिसा चाचपावा लागत नाही.

मला यात दुसरी गोष्ट अधिक आवडते. दर काही वर्षांनी मत मागायचं म्हणजे काय केलं ते सांगावं लागतं. किती ठसे आले, किती जुळले, किती यंत्रं कोणत्या ठाण्यात बसवली, हे सारं मतदारांपुढे मांडावं लागतं. बांधील उत्पन्नाच्या जोरावर चालणाऱ्या खात्याला ही सवय लागत नाही.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा निराळी. तिथल्या दंडसंहितेनं यंत्रसामग्रीचा ७० टक्के खर्च राज्यावर आणि ३० टक्के स्थानिकांवर टाकला. स्थानिकांमध्ये भांडण नको म्हणून काउंटीत सात जणांचं मंडळ नेमलं: काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळातला एक, शेरीफ, सरकारी वकील, सर्वात मोठ्या पोलीस दलाचा प्रमुख, बाकीच्या प्रमुखांनी मिळून निवडलेला एक प्रमुख, एक महापौर आणि या सहांनी पसंत केलेला सातवा. रचना बारकाईनं पाहा. मोठ्या शहराला जागा दिली, पण एकच. लहान गावांनाही एक, आणि ती त्यांनीच भरायची. आपल्याकडच्या महानगर नियोजन समित्यांनी हे जरूर पाहावं.

पुढे पैसे कमी पडले तेव्हा १९९७ च्या कायद्यानं वाहन नोंदणीवर एक डॉलरचा अधिभार लावायची मुभा काउंट्यांना दिली; व्यापारी वाहनांवर नंतर आणखी दोन. ठशांचा आणि मोटारीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध कायद्यात लिहून ठेवला: दारू पिऊन गाडी चालवणारे, गाडीनं माणूस मारणारे आणि वाहनासंबंधीचे इतर गुन्हे, यांतल्या आरोपींची ओळख. कर बसवायचा म्हटलं की विधिमंडळाची कल्पनाशक्ती जगात सगळीकडे सारखीच बहरते.

आता एका खर्चाबद्दल बोलतो, जो वाटणीच्या बैठकीत शेवटी येतो आणि आधी कापला जातो. तो म्हणजे ठसेतज्ज्ञाचा पगार. लोकांची समजूत अशी, की ठसा घातला की यंत्र नाव सांगतं. यंत्र नाव सांगत नाही. ते यादी देतं, गुणानुक्रमे. दहा, वीस, जशी मागाल तशी. मग तज्ज्ञ पडद्यावर दोन ठसे शेजारी ठेवतो आणि रेघ रेघ तपासतो. घटनास्थळाचा ठसा पुसट असतो, बोट घसरलेलं असतं, पावडर जास्त बसलेली असते. हा फाटा खराच आहे की काचेवरचा ओरखडा, हे ठरवायला सराव लागतो, वेळ लागतो आणि आजूबाजूला घाई नसावी लागते. नंतर दुसऱ्या तज्ज्ञानं तेच काम, पहिल्याचं उत्तर मनात न धरता, नव्यानं करायचं असतं.

ते झालं नाही तर काय होतं, हे २००४ साली दिसलं. माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासातला एक ठसा एफबीआयनं आपल्या यंत्रात घातला. वीस जणांची यादी आली. चौथ्या क्रमांकावर ओरेगॉनमधला एक वकील होता. एकापाठोपाठ एक तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचं सांगितलं, न्यायालयानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही मान डोलावली, आणि तो माणूस कोठडीत असताना स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. एफबीआयला माफी मागावी लागली. २००६ मध्ये सरकारनं २० लाख डॉलर भरपाई दिली. यंत्रानं चूक केली नव्हती. त्यानं फक्त सारखे दिसणारे वीस जण दाखवले होते. चुकली ती माणसं. म्हणून मी म्हणतो, सामायिक पैशातून आधी माणसं नेमा. यंत्र दर दहा-बारा वर्षांनी बदलावंच लागतं, त्याच्यासाठी वेगळी गंगाजळी ठेवा आणि तिला हात लावू नका.

आपल्याकडे वळतो. महाराष्ट्राचं अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यात, गुन्हे अन्वेषण विभागात आहे. राज्याची ‘ॲम्बिस’ प्रणाली ठशांबरोबर चेहरा आणि डोळ्याचं बुबुळही ताडते. देशपातळीवर २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘नाफिस’ या ठशांच्या प्रणालीचं उद्घाटन झालं. तिच्यात नोंद झालेल्या प्रत्येकाला दहा आकडी क्रमांक मिळतो. त्याच वर्षी कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा जुना कायदा जाऊन नवा आला आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद झाली. पैसे राज्य आणि केंद्र यांचे. शहरांना विचारलं नाही, शहरांनीही विचारलं नाही. वाटणीचं भांडण टळलं हे खरंच. पण त्या भांडणात जो हिशेब बाहेर येतो, तोही टळला.

आणि भांडण फार काळ टळेल असंही नाही. ठशांचं सोडा, कॅमेऱ्यांचं पाहा. पोलिसांच्या गाड्या आणि चौकांतले सीसीटीव्ही आता जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात, काही ठिकाणी महापालिकेच्या पैशातून येतात, तर काही ठिकाणी स्मार्ट सिटीच्या पैशातून आले. बसवतो एक, वीजबिल भरतो दुसरा, चित्रण पाहतात पोलीस. हमीची मुदत संपून कॅमेरा बंद पडला की तिन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्या वेळी कोणतंही सूत्र ठरलेलं नसतं, कारण खरेदीच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष फीत कापण्याकडे होतं. निवडणुकीला उमेदवार दारात येतील तेव्हा कॅमेरे किती बसवले हे ते न विचारताही सांगतील. तुम्ही देखभालीच्या कंत्राटाची प्रत मागा. त्यात पैसे कोणी द्यायचे, कोणत्या प्रमाणात आणि किती वर्षं, ही तीन कलमं सापडली तर मला जरूर कळवा. पुढच्या व्याख्यानाला उदाहरण होईल.

वेळ झाला आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा.