कागदावरचं लग्न

मात्रा मोजण्यापलीकडे माझं गणित कधी गेलं नाही. तरीही आज एका गणितज्ञ बाईच्या कादंबरीविषयी बोलणार आहे. बाईचं नाव सोफिया कोव्हालेव्हस्काया. कादंबरी, ‘निहिलिस्ट मुलगी’.

सोफियाचा जन्म १८५० चा, मॉस्कोतला. तेव्हा रशियातल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. परदेशी जायचं तर वडिलांची नाहीतर नवऱ्याची परवानगी हवी. म्हणून १८६८ मध्ये तिनं व्लादिमीर कोव्हालेव्हस्की या तरुणाशी नावापुरतं लग्न केलं. आमच्यात निकाह हा करारच मानतात. पण केवळ शिकता यावं म्हणून केलेला करार मी इथेच पहिल्यांदा वाचला.

बर्लिनच्या विद्यापीठानंही दार उघडलं नाही. कार्ल वायरस्ट्रास या थोर गणितज्ञानं तिला चार वर्षं खासगीत शिकवलं. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठानं डॉक्टरेट दिली. पण मायदेशी विद्यापीठात जागा नव्हतीच. १८८४ पासून ती शिकवू लागली, ती स्टॉकहोमला. १८८८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं बोर्दँ पारितोषिक तिला मिळालं. निबंध इतका सरस ठरला, की तीन हजार फ्रँकचे पाच हजार झाले. त्या स्पर्धेत लेखकाचं नाव बंद लिफाफ्यात ठेवायचा नियम होता. विद्यापीठाच्या दाराशी मात्र आधी बाई की पुरुष, हेच पाहिलं जाई.

आता कादंबरी. गोष्ट सांगणारी तरुणी परदेशातून डॉक्टरेट घेऊन पीटर्सबर्गला परतलेली. तिच्याकडे व्हेरा नावाची उमरावाची मुलगी येते. व्हेराला लोकांसाठी जीव ओवाळून टाकायचा आहे. अखेर ती एका राजकीय कैद्याशी लग्न करते, कारण विवाहित कैद्याला किल्ल्याच्या कोठडीऐवजी सैबेरियाला धाडतात, आणि बायकोला मागे जाता येतं.

ही दोन लग्नं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही कागदावरची. एक दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, दुसरं स्वतःच्या बुद्धीसाठी. पहिलीला आपण देवी म्हणतो, दुसरीला हेकट. सोफियालाही हे ठाऊक असावं. तिनं नायिका केलं व्हेराला आणि गणित शिकलेल्या बाईला नुसती गोष्ट सांगायला बसवलं.

१८९१ मध्ये, अवघ्या एक्केचाळीसाव्या वर्षी सोफिया गेली. कादंबरी छापून आली १८९२ मध्ये. व्हेराचा त्याग मोठाच आहे. पण पुस्तक मिटल्यावर मला आठवते ती गोष्ट सांगणारी. तिनं कुणासाठी त्याग केला नाही; तिला फक्त शिकायचं होतं. तेवढं कारण पुरेसं का नसावं?