पिशवी काढण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आपल्या दुखण्याविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, भाषणाची सवय नाही. काही उणेअधिक झाले तर पदरात घ्यावे. आज सभेला पुरुषमंडळी नाहीत, म्हणून मोकळेपणाने बोलते.

मला सहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. नाव अवघड, पण गोष्ट समजण्यासारखी आहे. विजेच्या तारेवर जसे रबर असते, तसे मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर एक वेष्टन असते. शरीराची जी शक्ती रोगजंतूंशी लढावयाची, तीच या वेष्टनावर उलटते. मग निरोप नीट पोहोचत नाहीत. कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचे पाय जड पडतात, कोणाला लघवी आवरत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार अधिक होतो. उष्णतेने त्रास तेवढ्यापुरता वाढतो, आणि आपल्या नांदेडचा मे महिना तर आपणांस ठाऊकच आहे! त्या दिवसांत दुपारी ओला पंचा मानेवर घेऊनच मी बसून असते.

त्यातच चार वर्षांपासून ओटीपोट दुखू लागले. पाळीत रक्त फार जाई. माझ्या बोटांना स्पर्श नीट कळत नाही, उभे राहिले की तोल जातो. अशा बाईने न्हाणीघरात पाच-सहा दिवस स्वतःचे स्वतः कसे करावे? कित्येकदा शाळेत जाणाऱ्या मुलीला हाक मारावी लागे. तिच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एका दवाखान्यात दाखविले. सोनोग्राफीचा कागद पाहून तेथे सांगितले, "पिशवीला सूज आहे. दोन मुले झाली, आता तिचे काय काम? काढून टाका." लगेच पुढच्या आठवड्याची तारीखही दिली. माझ्या आजाराची फाइल मी मांडीवर घेऊन बसले होते, ती कोणी उघडली नाही. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढे? माझी काढली, वन्संची काढली."

त्यांचे म्हणणे खरेच आहे. आपल्या मराठवाड्यात हे दाढ काढण्याइतके सोपे झाले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची गोष्ट २०१९ साली सगळ्या देशात गाजली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीमुळे एक दिवस बुडाला तर खाडा पडतो, मुकादमाची उचल फिटत नाही. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली गेली. पुढे केंद्र सरकारने २०२२ मध्ये याविषयी सूचना काढल्या, आणि त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. त्या बायांपुढे पोटाचा प्रश्न होता. मला तर घरी बसून विचार करावयास वेळ होता. मग तो का करू नये, असे मनात आले.

लातूरला माझी धाकटी बहीण असते. लोहा-अहमदपूरच्या रस्त्याने एसटीने तिच्याकडे गेले. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी माझी सगळी फाइल वाचली. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हांला दोन आजार आहेत. दुखणे कोणाचे, ते आधी शोधू. कधी दुखते, कसे दुखते, तीन महिने लिहून आणा."

घरच्या कालनिर्णयावर मी लाल आणि निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. माझा हात थरथरला तर हे करीत. तीन महिन्यांनी पाहिले तर दोन वेगळीच दुखणी निघाली. पाळीच्या अलीकडे-पलीकडे पोटात पिळवटे, ते पिशवीचे. तिच्या भिंतीत तिचेच अस्तर शिरले होते. दुसरी आग केव्हाही होई, कंबरेपासून मांडीपर्यंत जाई आणि लघवी तुंबली की वाढे. ती मज्जातंतूंची आणि मूत्राशयाची. लघवी करून आल्यावर पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा बरीच आत शिल्लक राहते असे दिसले. जंतूही होते. त्यावर उपचार झाले आणि बरेच दुखणे पिशवी न काढताच गेले! आता सांगा, पहिल्या तारखेला काढली असती तर ही आग गेली असती का?

पिळवटणे मात्र राहिले. तांबीसारखे, पण औषध असलेले साधन आठ महिने बसवून पाहिले. रक्त कमी झाले, कळा थांबल्या नाहीत. तेव्हा पिशवी काढावयाची असे मी ठरविले. हे मी ठरविले, ह्यांनी नव्हे आणि डॉक्टरांनीही नव्हे.

बीजकोश मात्र ठेवावयाचे. ते काढले तर पाळी जाण्याचा काळ एकदम येतो, हाडे ठिसूळ होतात. आमच्या आजारात स्टिरॉइडची इंजेक्शने घ्यावी लागतात आणि चालणेही कमी, त्यामुळे हाडांना आधीच धोका. बीजकोश ठेवूनही पाळी जाण्याचा काळ थोडा लवकर येऊ शकतो, हेही बाईंनी सांगितले. मज्जातंतूंच्या डॉक्टरांशी आणि भूल देणाऱ्यांशी त्या बोलल्या. आधी लघवीतील जंतू पूर्ण जावेत, नंतर ताप येऊ देऊ नये, कारण तापानेही माझे पाय गळतात. अंथरुणात फार पडून राहू नये, दुसऱ्या दिवसापासून पाय हलवावेत, असे त्यांचे सांगणे आहे.

सासूबाई म्हणतात, "पिशवी गेली तर बाईपणात उरले काय?" मी त्यांना उलट बोलले नाही. माझी दोन्ही लेकरे तेथेच वाढली. रात्री ते आठवून डोळे भरून येतात, हे खोटे कशाला सांगू? पण मुलीला न्हाणीघरात हाक मारावी लागणार नाही, हेही त्याच वेळी मनात येते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, थंडीत, लातूरला शस्त्रक्रिया आहे. सहा आठवडे जड उचलावयाचे नाही, म्हणून बहिणीकडेच राहणार. मज्जातंतूंची आग जाणार नाही, हे मला आधीच सांगितले आहे. यंदाच्या तिळगुळाच्या लाडवांचे काम दुसऱ्या कोणी घ्यावे. हळदीकुंकवाला मी येईन, खुर्चीवर बसून वाण देईन. फक्त मला कोणी वाकून नमस्कार करावयास लावू नये, एवढी आताच विनंती करून ठेवते.