उतारवयातील हात आणि गिटार

मुंबईहून कसाऱ्याच्या वाटेने निघालेली लोकल कल्याण व शहाड मागे टाकून आंबिवलीस थांबते, तेव्हा तीतून उतरणाऱ्या वृद्ध मंडळींच्या हातांकडे क्षणभर पाहावे. डब्यातील कडी धरून तीस-तीस वर्षे उभे राहिलेले हे हात आहेत. कोणाचे हात मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात, २००९ साली तो बंद पडेपर्यंत, यंत्रापाशी राबले. कोणाची बोटे मुंबईच्या कचेरीत टंकलेखनाच्या यंत्रावर झिजली. यांपैकी एखाद्या हाताला तरुणपणी गिटारचा नाद लागलेला असतो. १९७३ साली ‘यादों की बारात’ पडद्यावर आला, त्या सुमारास महाविद्यालयात असलेल्या किती तरुणांना या वाद्याने वेड लावले याची गणती कोणी केलेली नाही. ते तरुण आज सत्तरीत आहेत.

असे एखादे गृहस्थ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. संसाराच्या धबडग्यात गिटार कपाटावर पडून राहिली; सेवानिवृत्तीनंतर त्यांनी ती खाली काढली, धूळ पुसली, तारा बदलल्या. काही महिने आनंदात गेले. पुढे डाव्या हाताची तर्जनी आडवी टेकवून सहाही तारा एकदम दाबावयाची वेळ आली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. पडद्यावर स्वर स्वच्छ उमटेना, नुसती खरखर ऐकू येऊ लागली. शनिवारी सायंकाळी पत्नीने विचारावे, “अहो, आज गिटार काढत नाही का?” आणि यांनी उत्तर द्यावे, “तारा गंजल्यात. आणायला हव्यात.” तारा गंजलेल्या नसतात. हात चालत नाही हे कबूल करण्याची लाज वाटते, एवढेच. या लाजेपायी पुष्कळांचे वादन कायमचे सुटते, आणि त्यातील निम्मेअधिक विनाकारण सुटते.

म्हणून प्रथम दुखते काय, हे नीट पाहिले पाहिजे. ‘वयोमानाने हात दुखतो’ या एका वाक्यात चार-पाच निरनिराळी दुखणी दडलेली असतात, आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

बोटांच्या टोकांकडील सांध्यांवर टणक गाठी येतात, ती बहुधा सांध्यांची झीज होय. अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम हेबर्डन या नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांनी या गाठींचे वर्णन केले, म्हणून त्यांस त्यांचेच नाव पडले आहे. गाठी दिसावयास बेढब असल्या, तरी आरंभीचा ठणका ओसरल्यावर त्या पुष्कळदा फारशा दुखत नाहीत. अंगठ्याच्या मुळाची झीज मात्र वादकाला अधिक छळते. चिमटीत जितका जोर लावावा त्याच्या कैक पटींनी दाब अंगठ्याच्या मुळाशी पडतो. आणि गिटारच्या मानेमागे अंगठा रोवून पुढून बोटांनी तारा दाबणे, ही एक प्रकारची चिमटीच आहे.

बोट वाकते, पण सरळ होताना मध्येच अडकते व खटकन् सुटते, तेथे दोष सांध्यात नसून कंडरेत असतो. कंडरा ज्या आवरणातून सरकते ते तळहातापाशी आवळलेले असते. मधुमेह्यांत हे अधिक आढळते. याकरिता देण्यात येणाऱ्या इंजेक्शनाने बहुतेकांस गुण येतो. फक्त मधुमेह्याने त्यानंतर काही दिवस रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे. रात्री झोपेत हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते पण करंगळी सुटते, अशी लक्षणे असतील तर मनगटातील मज्जातंतू दाबला गेला आहे असे समजावे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून निजल्याने पुष्कळांचे काम भागते. अंगठ्याकडचा मांसल भाग सुकू लागला असेल, तर मात्र दिरंगाई करू नये.

याहून गंभीर दुखणे म्हणजे आमवात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा अधिक वेळ बोटे आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सुजून मऊ व गरम लागतात. येथे तेल चोळीत बसणे म्हणजे मौल्यवान महिने गमावणे होय. कारण आज या विकारावर जी औषधे आहेत ती लवकर सुरू केल्यास सांधे विद्रूप होण्याचे पुष्कळ अंशी टळते. तेलाविषयी आपल्याकडे फार श्रद्धा आहे. तेलाने ऊब मिळते, चोळणाऱ्या हाताचा लळाही मिळतो, झिजलेला सांधा मात्र त्याने भरून येत नाही. आणि वेदनाशामक गोळी घेऊन दोन तास वाजविणारा गृहस्थ तर पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे टाकतो.

डॉक्टरांचे काम झाल्यावर उरते ते वादकाचे स्वतःचे काम, आणि ते बरेचसे गणिताचे आहे. तारेचा ताण तिच्या स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरविल्या तर ताण शेकडा सुमारे ११ ने घटतो, पूर्ण स्वराने उतरविल्या तर सुमारे २० ने. गाणाऱ्याचा गळाही उतारवयात खाली आलेला असतो, तेव्हा कोणाचे काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट अंतराची. ६५० मिलिमीटर तारेच्या गिटारवर पहिला पडदा सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो. चौथ्या व पाचव्या पडद्यांतील अंतर मात्र २९ च भरते. म्हणजे चौथ्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा बसविला की बोटांना ताणावे लागणारे प्रत्येक अंतर पाचव्या हिश्शाने आखडते. तरुण वादक या चिमट्याला पांगुळगाडा म्हणून हसतात. हसोत बापडे.

पोलादी तारांऐवजी नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना सौम्य पडते. पोलादी तारांच्या वाद्यावर नायलॉन चढविण्याचा खटाटोप मात्र करू नये. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून त्या खाली घेववाव्यात. वर्षानुवर्षे लोक या एका दोषाशी झुंजत राहतात आणि दोष आपल्या बोटांना देतात. बोट पडद्याच्या अगदी लगत टेकवावे, तेथे सर्वांत कमी जोर लागतो. अंगठा मानेमागून क्षणभर उचलून पाहावा: स्वर तरीही उमटत असेल, तर आजवर अंगठा दाबीत होता तो जोर फुकट जात होता. सहा तारांची सुरावट तीन तारांवर वाजवावी, ऐकणाऱ्याला उरलेल्या तीन कानांत आपोआप ऐकू येतात. पौष-माघातील सकाळी, उल्हास नदीकडून गारवा येत असताना, वाद्याला हात लावण्यापूर्वी हात कोमट पाण्यात पाच मिनिटे धरावेत. दहा मिनिटे वाजवावे, तितकीच विश्रांती घ्यावी. हे सर्व एकाच आठवड्यात करू लागू नये. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

हात उणा पडला म्हणून थांबणे ज्यांना मान्य नव्हते अशांची उदाहरणे या वाद्याच्या इतिहासात आहेत. जँगो राइनहार्ट हा फ्रान्समधील भटक्या जमातीचा वादक. १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो राहत होता त्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी आखडून कायमची निकामी झाली. त्याने तर्जनी व मधल्या बोटावर नवी वादनपद्धती उभारली, आखडलेली बोटे वरच्या तारांवर टेकविण्यापुरती उपयोगात आणली, आणि १९३४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या पाच वादकांच्या मेळ्यातून तो जगप्रसिद्ध झाला. परंतु तो तरुण होता. आपल्या गृहस्थांना अधिक जवळचा वाटेल तो अमेरिकेचा लेस पॉल. १९४८ साली मोटार-अपघातात त्याचा उजवा कोपर मोडला. पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही असे कळल्यावर, गिटार धरता येईल अशा कोनात हात कायमचा बसवून द्या, असे त्याने डॉक्टरांना सांगितले. म्हातारपणी संधिवाताने त्याची बहुतेक बोटे जायबंदी केली, तरी न्यूयॉर्कच्या एका छोट्या दिवाणखान्यात तो दर सोमवारी वाजवीत राहिला, अगदी २००९ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी निवर्तण्याच्या थोडे आधीपर्यंत. तरुणपणीचे वेगवान तुकडे त्याने सोडून दिले होते. लोक ते ऐकावयास येतही नसत.

आपल्याकडेही पंडित रविशंकर उतारवयात आकाराने लहान केलेली सतार वाजवीत, आणि ब्याण्णवाव्या वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्यांची अखेरची मैफल झाली. इतक्या मोठ्या वादकाला आपली सतार लहान करून घेण्यात कमीपणा वाटला नाही, याची नोंद तारा गंजल्याची सबब सांगणाऱ्यांनी घ्यावी.

आणि डाव्या हाताने दाबणेच अशक्य झाले तर? तरीही एक वाट आहे, व ती आपल्या परिचयाची आहे. हवाई बेटांच्या पद्धतीने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकविली की बोट वाकवावेही लागत नाही, दाबावेही लागत नाही. कांडी मात्र धरावी लागते, म्हणून ती हलकी घ्यावी. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी याच आडव्या गिटारवर राग वाजविले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. मींड हा आपल्या संगीताचा प्राण, आणि तो या कांडीत उभ्या गिटारपेक्षा अधिक सहजतेने सापडतो. कान मात्र तयार हवा, कारण स्वर कोठे आहे हे सांगावयास पडदा येथे आधार देत नाही. साठ वर्षे गाणे ऐकलेल्या माणसाजवळ तेवढा कान असतोच.

आता पुन्हा आंबिवलीस जावे. शनिवारची सायंकाळ आहे, स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली आहे. गृहस्थांनी तारा अर्ध्या स्वराने उतरविल्या आहेत, चौथ्या पडद्यावर चिमटा लावला आहे, आणि अवघड पडद्यांची जागा टाळून एक जुने गाणे तीन तारांवर धरले आहे. मधल्या कडव्यात एक स्वर चुकतो. आतून पत्नीचा आवाज येतो, “तिथे नेहमीच चुकत होतात हो तुम्ही, चाळीस वर्षांपूर्वीसुद्धा!”